नंबराचं सुतक

“बाई, हा नंबर एकट्याचा नाही. लगेच कोणाच्या घरात टाकू नका,” असं तारादेवी मला म्हणाल्या होत्या, आणि मी हसले होते.

त्या फोन परत करायला आल्या होत्या. दाळमिलच्या मागच्या गल्लीत त्यांचं किराणा दुकान होतं. यजमान झुंबरलाल गेले, मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात स्थिरावला, तेव्हा दुकानाला कुलूप लावून त्या त्याच्याकडे निघाल्या. काळा फोन त्यांनी पिवळ्या कापडी पिशवीत घालून आणला होता, वायर नीट गुंडाळून, वर रबर लावून. पिशवी माझ्या टेबलावर ठेवली, पण हात काढेनात.

“नंबर एकाच्याच नावावर असतो, भाभी,” मी म्हटलं. “तुमचं नाव कमी झालं की तो मोकळा.”

“नावावर एकाच्या. पण बोलते त्यावर सारी गल्ली. मी ओट्यावरून हाक मारते, सुपडू, फोन! द्रौपदा, फोन! आता कोण मारणार?”

“लोक सांगतील एकमेकांना, नंबर बंद झाला म्हणून.”

“ज्यांच्याकडे फोन नाही ते कशावर सांगतील?” असं म्हणून त्या उठल्या. पिशवी मात्र आठवणीने परत मागून घेतली.

मी तेव्हा जळगावला टेलिफोनच्या कचेरीत होते. चौऱ्याण्णव साल होतं. नवं इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज यायचं होतं, पाच आकडी नंबर जाऊन सहा आकडी होणार होते, आणि कोणत्या वस्तीला नंबरांचा कोणता गट द्यायचा याचा आराखडा माझ्याकडे होता. गणित घेऊन बी.एस्सी. केलेली मीच एकटी होते तिथे. काम ऐकायला सोपं वाटतं. पण गट लहान ठेवला तर वस्ती वाढते आणि नंबर संपतात; मोठा ठेवला तर अर्धे नंबर पडून राहतात आणि दुसऱ्या टोकाला लोक अर्ज करून म्हातारे होतात. मी भिंतीवर आलेखाचे कागद जोडून चिकटवले होते. एक चौकोन म्हणजे एक नंबर, एका नंबराला एक नाव. दिलेला निळा, राखलेला पिवळा, मोकळा पांढरा. घरी तान्ही मुलगी असलेल्या बाईला दिवसभरात असं जागच्या जागी बसणारं दुसरं काही सापडत नाही. मला ते काम फार आवडायचं.

बंद झालेला नंबर लगेच दुसऱ्याला द्यायचा नाही, अशी रीत होती. काही महिने तो रिकामा ठेवत. जुने लोक फोन लावून लावून थकतात, चौकशी करतात, हळूहळू त्यांना कळतं. मग नंबर पुन्हा वापरात. आमचे सेक्शनप्रमुख पितांबरभाऊ याला नंबराचं सुतक म्हणायचे. “मॅडम, हा सुतकात आहे, याला शिवू नका,” असं ते माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणत.

पण त्या वर्षी जुन्या एक्सचेंजात एकही कोरा नंबर उरला नव्हता आणि नवं यायला अवकाश होता. सुतकातले नंबर वापरात घ्यावेत, असं टिपण मी लिहिलं. पितांबरभाऊ सही करताना म्हणाले, “तेराव्याच्या आत लग्न लावताय तुम्ही.” सगळा सेक्शन हसला. टिपण वरून मंजूर होऊन आलं.

आमच्या घरी फोन आला तो त्यातूनच. रेणू वर्षाचीही नव्हती आणि तिला तापात झटके येत. डोळे वर जायचे, हात लाकडासारखे व्हायचे. हे धुळ्याला पाटबंधारे खात्यात, शनिवारी येत. तिला शेजारी ठेवून मी सकाळची पाळी करायचे, दुपारी घरी यायचे, आणि मग मी, ती आणि थर्मामीटर. डॉक्टरांना फोन करायला चौकापर्यंत पळावं लागे, तिला काखेत घेऊन. कर्मचारी म्हणून माझा अर्ज पडलेलाच होता. आमच्या घरासमोरच्या खांबावरच्या पेटीत तांब्याच्या तारांची एकच चांगली जोडी मोकळी होती. ती नाल्यापलीकडे तारादेवींच्या दुकानात जायची. जोडीबरोबर नंबरही मोकळा. चौकोन मीच निळा केला.

आमची कॉलनी आणि ती गल्ली यांच्यामध्ये तो नाला. तार वरून सरळ जायची; माणसाला पुलावरून लांबचा वळसा. म्हणून गल्लीतलं मला कोणी ओळखत नव्हतं आणि मी कोणाला नाही.

फोन लागला त्याच दिवशी दुपारी वाजला. मी आनंदाने धावले.

“हॅलो, सुपडू शे का?”

“नाही. रॉंग नंबर.”

“रॉंग कसा? लग्नाच्या पत्रिकेत हाच शे.”

“अहो, इथलं दुकान बंद झालं.”

“मंग किराणा नका देऊ, सुपडू द्या!”

दुसऱ्या दिवशी पहूरहून कोणी आबा. “लिलाबाईला सांगा, पोरगी पाहायला येतोय. चार माणसं. तिखट कमी ठेवा म्हणावं, एकाला मूळव्याध आहे.”

“आबा, मी लिलाबाईंना ओळखत नाही.”

“ओळखायचं काय त्यात? हाक मारा.”

मग माझ्या ध्यानात आलं. पत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, दवाखान्याच्या कागदावर लोक नंबर लिहितात आणि पुढे ‘पी.पी.’ लिहितात. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, माणसाला हाक मारून बोलवा. माझ्या भिंतीवरच्या कागदात पी.पी.ला रंगच नव्हता. एका चौकोनात एक नाव मावत होतं, आणि त्या नावामागे उभी असलेली सगळी गल्ली कागदाबाहेर होती.

कळलं तरी काय करायचं? रेणू महत्प्रयासाने झोपायची आणि घंटी वाजली की दचकून उठायची. दचकली की मी आधी तिचे डोळे बघायचे. फोनवर मी दुपटं टाकून ठेवलं. तो बंद करायचीही भीती, वाजला तरी भीती. समोरच्याने तोंड उघडायच्या आत ‘रॉंग नंबर’ म्हणायला मी शिकले. पुढे पुढे तर शब्दांकडे माझं लक्षही नसे.

मंदाचा पहिला फोन असाच गेला. “तारा काकी? मी मंदा. मनी मायले बलावा ना.” मी ‘रॉंग नंबर’ म्हटलं आणि ठेवला.

तिने पुन्हा फोन केला. या वेळी तिने मला मध्ये बोलू दिलं नाही. एकेक आकडा सावकाश म्हटला, पाढे म्हणावेत तसा. “हाऊच शे ना?”

“नंबर हाच आहे. पण तारादेवी इथे नाहीत. त्यांचं दुकान बंद झालं.”

पलीकडे गाडी गेल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “मंग मनी माय कोठे गई?”

“मला कसं माहीत असेल, बाई?” मी म्हटलं. रेणू रडायला लागली होती. मी ठेवून दिला. पण ते वाक्य दिवसभर कानात राहिलं. तिच्या लेखी आई त्या नंबरात राहत होती. नंबरात दुसरं कोणी निघालं, तर आई कुठे गेली?

त्यानंतर काही दिवस काहीच नाही. मग एका दुपारी, अगदी खालच्या आवाजात: “अक्का, ठेवू नका. ठेवू नका. मायले सांगा, माले लेवाले ये. लगेच ये.”

“न्यायला ये म्हणून सांगते. तू कुठून बोलतेस?”

“नरडाणा. एमआयडीसीमा. मायले सांगा, हाऊ माणूस माले...”

दाराचा आवाज झाला. एक पुरुष म्हणाला, “कोनासंगे बोलस?”

“रॉंग नंबर शे,” तिने त्याला सांगितलं. अगदी स्वच्छ, माझ्याच चालीवर. आणि फोन तुटला.

रेणूला काखेत मारून मी पुलावरून गल्लीत गेले. तारादेवींच्या ओट्यावर शेळी बसली होती. मंदाच्या आईचं, द्रौपदाबाईंचं, घर शोधावं लागलं नाही. ‘मंदाची आई’ म्हटल्यावर घर दाखवायला तिघी उठल्या. द्रौपदाबाई नुकत्याच मिलमधून आल्या होत्या. पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर डाळीची पिवळी भुकटी होती. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, “मंदाचा फोन आला होता.”

त्यांचा चेहरा उजळला. “सुरतले? तारा काकीकडे?”

“नाही. माझ्याकडे.”

“तुमनाकडे कसा? नंबर तं काकी लई गई.”

“नंबर नेता येत नाही, अक्का. इथेच राहतो.”

“का? त्यासना नंबर, त्या लई जातीन. भांडा लई गयी, देव लई गयी, नंबर काय ठेवी जाई?”

त्यांचा हिशोब सरळ होता. नंबर सुरतेला गेला, म्हणजे मंदाचा फोन सुरतेला जाणार. काही वाईट असेल तर तारा काकी पत्र टाकतील. पत्र आलं नाही, म्हणजे पोरगी सुखात आहे. त्या हिशोबावर त्या इतके महिने निवांत डाळ पाखडत होत्या.

मी मंदाचं बोलणं सांगितलं. शब्द न् शब्द. त्या एकदम म्हणाल्या, “फोन पुन्हा करई ती. नंबर नही इसरनार. हातवर शे तिना.”

“हातावर म्हणजे?”

“गोंदेल शे.”

लग्नाच्या आधी नशिराबादच्या बाजारात त्या मंदाला घेऊन गेल्या होत्या. मशीनने गोंदणाऱ्याने विचारलं, देवाचं नाव टाकू का नवऱ्याचं? द्रौपदाबाईंनी तारादेवींच्या हातून लिहून घेतलेली चिठ्ठी पुढे केली. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, शिरांवर, हिरवे पाच आकडे. “कागद भिजी जास. पाटी पुसाई जास. हात कोठे जाई?” हे सांगतानासुद्धा त्यांना जराशी ऐट होती. शेजारणी तेव्हा हसल्या होत्या म्हणे. मग त्यातल्या एकीनेही आपल्या पोरीच्या हातावर तोच नंबर घालून घेतला.

मी रेणूचं मनगट हातात धरून ऐकत होते. तो नंबर कोणाला द्यायचा, कधी काढायचा, कधी संपवायचा, हे माझ्या पेन्सिलीवर होतं. तो कोणाच्या कातडीत असू शकतो, हे मला कोणत्या गणितातून सुचणार होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही पॅसेंजरने नरडाण्याला गेलो. रेणूला घेऊनच; तिला ठेवून जायचा धीर झाला नाही. स्टेशनापासून एमआयडीसीपर्यंत मिळेल तसं गेलो. पत्र्याच्या खोल्यांची रांग. मंदाच्या खोलीला कुलूपही नव्हतं, नुसती कडी. आत एक फुटकं मडकं आणि भिंतीवर टिकल्या चिकटवलेल्या.

शेजारच्या खोलीतली बाई, पानबाई तिचं नाव, दारातूनच बोलली. “सकायलेच गयात. ठेकेदारनी टोळी उचली. बठ्ठा ट्रकमा भरी लई गया.”

“कुठे?”

“गुजरातकडे म्हने. आमले कोन सांगस? आज आठे, उद्या तठे.” मग आवाज उतरवून द्रौपदाबाईंना म्हणाली, “माय, तिना नवरा जीवराम भलता मारे तिले. आम्ही भित ठोकूत तं आमलेच गाळी दे.”

एका हवालदाराला विचारलं. तो म्हणाला, “नवऱ्याबरोबर गेली ना? मग हरवली कशी?”

स्टेशनजवळच्या बूथवाल्या देवचंदभाऊंना ती आठवत होती. “ती होय! चिठ्ठी नाही, काही नाही. मनगट असं वर करून माझ्यासमोर धरायची, आणि मी जळगावचा कोड लावून बटणं दाबायचो. रॉंग लागला की मी म्हणायचो, बाई, नंबर चुकीचा गोंदला तुझा. ती म्हणे, नंबर बराबर शे, भाऊ. मानसं बदली गयात.”

परतीच्या गाडीत द्रौपदाबाई एकदाच बोलल्या. “आते ती कोठूनबी करई, तरी तुमनाकडेच लागई ना?”

“हो,” मी म्हटलं. “कुठूनही.” त्या दिवशी ते खरं होतं.

मग त्या रोज मिल सुटली की आमच्याकडे यायच्या आणि फोनजवळ जमिनीवर बसायच्या. खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. रेणू त्यांच्या अंगावर चढायची, पापण्यांवरची भुकटी बोटाने पुसायची. मी फोनवरचं दुपटं काढून टाकलं. आता मी सगळ्यांचे निरोप घेत होते. लिलाबाईचं स्थळ मोडलं, सुपडूचा मका आला, कोणाची आत्या गेली. द्रौपदाबाई जाताना ते गल्लीत पोचवायच्या. पितांबरभाऊंना कळलं तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, दुकान कधी उघडताय?”

एकदा फोन वाजला आणि पलीकडे कोणी बोललं नाही. मागे यंत्रांची घरघर येत होती. द्रौपदाबाईंनी माझ्या हातून तो ओढलाच. “मंदा? मंदा, मी माय शे, बोल.” घरघर थोडी चालू राहिली आणि बंद झाली. ती मंदा होती की आणखी कोणी, मला आजही सांगता येत नाही. त्या मात्र म्हणाल्या, “तीच व्हती. मना आवाज आयका तिनी.” मी हो म्हटलं.

आणि मग नवं एक्सचेंज आलं.

पुष्कळ भागांत जुन्या नंबराच्या आधी फक्त एक आकडा लावायचा होता. पण गटांची सीमा मी नाल्यावरून काढली होती. नकाशावर नाला ही सोयीची रेघ असते. आमची कॉलनी अलीकडच्या गटात, आणि या गटाचे नंबर मुळापासून वेगळे. मी पितांबरभाऊंकडे गेले.

“एवढा एक जुना नंबर चालू ठेवता येईल का? माझ्या घरावर?”

“कुठे ठेवू? जुनं यंत्रच उपटून भंगारात चाललंय. त्याच्या पोटात होता तो.”

“मग नव्यात तसाच घाला.”

“नव्यात पाच आकडी काही नसतं, मॅडम. तुम्हीच तर आखलंय.” मग माझ्याकडे बघून त्यांनी चेष्टा सोडली. “काही महिने टेप राहील. जुना नंबर लावला की नवा सांगेल. त्याहून जास्त माझ्या हातात नाही.”

टेप कशी आहे ते ऐकायचा द्रौपदाबाईंनी हट्ट धरला. मी जुना नंबर फिरवून रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. त्या मन लावून ऐकत राहिल्या.

“हाई बाई कोन?”

“बाई नाही, यंत्र आहे. नवा नंबर सांगतंय.”

“भलती भराभर बोलस. कागदवरनं वाचस तशी.” त्यांनी रिसीव्हर मला परत दिला. “मंदाले वाटई, हाई बी रॉंग शे. ती ठेवी देई.”

टेपही संपली. आता जुना नंबर लावला की काहीच येत नाही. घंटी नाही, ‘नंबर बदलला आहे’ नाही, ‘रॉंग नंबर’ म्हणणारी मीसुद्धा नाही.

“आते तो नंबर कोनाकडे शे?” द्रौपदाबाईंनी विचारलं.

“कोणाकडेच नाही.”

“मंग तिनी फोन लावा तं कोठे जाई?”

रेणूला भूक लागली होती, मी तिला भात कालवायला उठले. त्या थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, तशाच फोनजवळ बसल्या. तिसऱ्या दिवशीही. फोन नवा होता, नंबर नवा होता, त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी बसायच्या.

आता मी बदली घेऊन धुळ्याला आले आहे. रेणू शाळेत जाते, झटके थांबले. जळगावच्या घरात दुसरं कुटुंब आहे. द्रौपदाबाई काही दिवस त्यांच्याही दारात गेल्या. त्यांनी बसू दिलं नाही, आणि त्यांना नावं तरी कशी ठेवू? तारादेवींना मी सुरतेला पत्र लिहिलं. त्यांनी तिकडच्या गिरण्यांमध्ये विचारलं. ट्रकने आलेल्या टोळ्या कोण मोजतं, असं कळवलं. जळगावला गेले की मी गल्लीत जाते. द्रौपदाबाई मला पाहून मिलमधून बाहेर येतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि परत आत जातात.

मला आशा नाही, हे मी खरंखरं लिहिते. हे काम मला येतं, म्हणून मला माहीत आहे: ते पाच आकडे आता देशातल्या कुठल्याही बूथवरून फिरवले तरी द्रौपदाबाईंपर्यंत पोचणार नाहीत.

पण हे तुम्ही कुठे वाचताय ते मला माहीत नाही. सुरतेला, वापीला, अंकलेश्वरला, किंवा फिरून नरडाण्यालाच, जिथे कुठे खानदेशातली मजूर माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहतात तिथे जाणंयेणं असेल, तर बायकांच्या हातांकडे जरा बघा. डावं मनगट, आतली बाजू, हिरवे पाच आकडे. मंदा नाव. बांगड्यांखाली झाकलेले असतील. तो नंबर लावत बसू नका. नवरा जवळ नसताना तिच्याशी बोला. माय त्याच गल्लीत आहे म्हणावं, मिलमागे, कुठेही गेलेली नाही. आणि विचारा, बरी आहेस का. ती ‘रॉंग नंबर’ म्हणेल. तेवढ्यावर निघून येऊ नका. थोडं थांबा, आणि पुन्हा विचारा.